नव्या गाडीची लहानसहान दुखणी

जबलपूरच्या सराफा बाजारात दसरा, धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीया हे दिवस सोन्या-चांदीचे, हे वेगळे सांगावयास नको. याच मुहूर्तांवर आमच्या शाखेत मात्र आणखी एका खरेदीची लगबग असते, ती मालवाहू पिकअप गाड्यांची. सराफ्यातील गल्ली अरुंद. त्यामुळे झेंडूच्या माळा घातलेली कोरी गाडी कमानिया गेटपाशी उभी करून मालक पायी शाखेत येतो, खव्याच्या जिलबीचा पुडा टेबलावर ठेवतो आणि ‘मॅडम, जरा बाहेर येऊन गाडी तरी बघा’ असा आग्रह धरतो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेली ती कमान आजवर अशा किती गाड्यांच्या छायाचित्रांत पार्श्वभूमीला आली असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे.

गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती देतानाची छायाचित्रे आपल्या अंकांतून आपण नेहमी पाहतो. त्यानंतरच्या सहा महिन्यांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. कर्जविभागात काम करणाऱ्याला ते सहा महिने दिसतात, कारण हप्ता वेळेवर आला नाही तर दूरध्वनी त्यालाच करावा लागतो. अशा दूरध्वनींच्या निमित्ताने, आणि पुढे मुद्दाम वेळ काढून, सराफा व त्याच्या आसपासच्या काही पिकअपधारक खातेदारांशी मी बोलले. गाडी कशी आहे, या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाचे पहिले उत्तर ‘उत्तम’ असे होते. चहा आल्यावर दुसरे उत्तर येई. समोरचा पिवळा दिवा विझत नाही. सकाळी एका चावीत सुरू होत नाही. मागचा फाळका खडखडतो. अ‍ॅव्हरेज कंपनीने सांगितले त्याच्या जवळपासही येत नाही.

तक्रारींच्या संदर्भात येथे कोणत्याही कंपनीचे नाव घेतलेले नाही. ही दुखणी कोणा एका कंपनीची नाहीत आणि दुखणी म्हणावीत इतकी मोठीही नाहीत. यांपैकी एकाही गाडीचे इंजिन बसले नाही की गिअरबॉक्स निकामी झाला नाही. कारखान्याच्या दृष्टीने या सगळ्या ‘किरकोळ’ बाबी. परंतु ज्याची गाडी एकच आहे आणि त्या गाडीवरच घर चालते, त्याच्या हिशेबात किरकोळ या शब्दाला निराळा अर्थ आहे. समजा, ६ लाख रुपयांचे कर्ज, ५ वर्षांची मुदत आणि १० टक्के व्याज. मासिक हप्ता येतो सुमारे १२,७५० रुपये, म्हणजे दिवसाला ४२५ रुपये. गाडी रस्त्यावर असो वा वर्कशॉपच्या आवारात, हे ४२५ रुपये चालूच राहतात. त्यात विमा आला, चालक ठेवला असेल तर त्याचा पगार आला. चार दिवस गाडी उभी राहिली की हप्त्याचेच १,७०० रुपये गेले, भाडे बुडाले ते वेगळे. आणि बुडालेले भाडे एकवेळ भरून निघते. त्या चार दिवसांत दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही.

हा वर्ग तसा नवा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लहान व्यापाऱ्यापुढे दोनच पर्याय होते, तीनचाकी टेम्पो किंवा मोठा ट्रक. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही चारचाकी छोटी मालगाडी बाजारात आणली. ७०२ घनसेंटीमीटरचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. पुण्यात तयार होऊ लागलेली ही गाडी ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी पोहोचली आणि पहिल्या दोन वर्षांतच तिची एक लाखावर विक्री झाली. पुढे इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. पाऊण टनापासून दीड-पावणेदोन टनांपर्यंत माल वाहणाऱ्या गाड्यांची मोठी मालिकाच आज उपलब्ध आहे. त्यांत डिझेल आहे, सीएनजी आहे आणि वीजही आहे. हमालाने हातगाडी सोडून, शेतकऱ्याच्या मुलाने ट्रॅक्टर सोडून पिकअप घेतली ती या वीस वर्षांत. ‘मुद्रा’ योजनेने (८ एप्रिल २०१५) त्याला आणखी हातभार लावला. घराण्यात याआधी कोणीही चारचाकीचा मालक नव्हता, असे कर्जदार आमच्याकडे आजही येतात.

खरे तर जबलपूरला मालगाडीचे अप्रूप नसावे. येथील व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. शक्तिमान ट्रक, एक टनी निसान कॅरिअर आणि शहराचे नाव ज्याच्या नावातच दडले आहे तो जोंगा, या सैन्याच्या गाड्यांवर येथल्या दोन पिढ्यांचे संसार उभे राहिले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ. सैन्यातून निकाली निघालेल्या जोंगा गाड्या लिलावात घेऊन डोंगरी भागांत वर्षानुवर्षे पळवल्या गेल्याचे अनेकांना ठाऊक असेल. तेथून निवृत्त झालेले एक फिटर काका आमचे पेन्शनधारक खातेदार आहेत. नव्या पिकअपच्या तक्रारी त्यांच्या कानांवर घातल्या, तेव्हा त्यांनी प्रथम गाडीविषयी काही न विचारता, ताबा देताना मालकाला किती वेळ समजावून सांगतात, असे विचारले. पंधरा मिनिटे, असे एका खातेदाराने सांगितले होते. त्यातली दहा हार घालण्यात आणि छायाचित्रांत जातात. काकांचे म्हणणे असे की, सैन्यात चालकाला गाडी मिळण्याआधी तिचे शिक्षण मिळते. येथे गाडी आधी मिळते आणि शिक्षण रस्त्यावर होते, तेही मालकाच्या खर्चाने.

हे शिक्षण किती खर्चाचे असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तयार कपड्यांची ने-आण करणारे आमचे एक खातेदार. गोहलपूरच्या लेमा गार्डन भागात सलवार सूट शिवणाऱ्या कारखान्यांचे संकुल आहे. तेथून गाठोडी उचलायची, सराफा-लार्डगंज परिसरातील दुकानांत आणि पार्सल कार्यालयांत पोहोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. माल हलका, पण आकाराने मोठा. पूर्वी भाड्याच्या तीनचाकीतून हे काम ते करीत. स्वतःची डिझेल पिकअप घेताना अग्रिम रक्कम कमी पडली, म्हणून पत्नीच्या बांगड्या आमच्याच शाखेत तारण ठेवल्या. दिवाळीपर्यंत बांगड्या सोडवून घ्यायच्या, असा घरातला करार.

तिसऱ्या महिन्यात समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. सायलेन्सरसारखी आकृती. गाडी चालत होती, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. आठवड्याभराने गाडीची ओढ कमी झाली. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढेना. वर्कशॉपने संगणक जोडून दिवा विझवला आणि दोष आढळला नाही, असा शेरा मारून गाडी दुसऱ्या दिवशी परत दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. या वेळी गाडी ओढून न्यावी लागली आणि तीन दिवस राहिली. तिसऱ्या खेपेस इंजिनातील ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढलेली आढळली, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. सदोष गाडी गळ्यात मारली, अशी त्यांची खात्री पटली होती.

प्रत्यक्षात गाडीत दोष नव्हता. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी आली. मिस्त्री तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी काजळी साठवते आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. परंतु त्यासाठी धुराच्या मार्गात सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान व्हावे लागते आणि ते टिकावे लागते. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत वीसेक मिनिटे चालणाऱ्या गाडीत हे चालकाच्या नकळत घडून जाते. सराफ्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या, दर दोनशे पावलांवर बंद होणाऱ्या गाडीत ते घडू शकत नाही. काजळी जाळण्यास सुरुवात झाली की इंजिन थोडे जास्त डिझेल घेते. नेमक्या त्याच वेळी चावी फिरवून गाडी बंद केली तर ते न जळलेले डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढली ती त्यामुळे. आमचे खातेदार मोठे काटकसरी. डिझेल वाचावे म्हणून ते प्रत्येक दुकानापाशी गाडी बंद करीत.

वर्कशॉपमधील एका तरुण मिस्त्रीने चौथ्या वेळी साधा प्रश्न विचारला, की दिवसाला गाडी किती चालते? उत्तर होते अठरा किलोमीटर. हा प्रश्न गाडी विकताना कोणीही विचारला नव्हता. रंग विचारला, किती टन माल, तेही विचारले. कर्जाच्या अर्जातही असा रकाना नसतो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. ज्याची फेरी दोन-चार किलोमीटरची आणि दिवसाचे एकूण अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे, त्याने डिझेल घेण्याआधी सीएनजी वा विजेवरच्या गाडीचा हिशेब मांडून पाहावा. २०२२ पासून या वर्गात विजेवरची गाडी आहे. २०२५ मध्ये ‘एस’च्या मालिकेतील ‘प्रो’ ही गाडी तर पेट्रोल, सीएनजीसह दुहेरी इंधन आणि वीज अशा तिन्ही रूपांत आली. डिझेलच हवे असेल तर मग मोकळ्या रस्त्याची सोय करावी लागते. आमचे खातेदार आता एक रविवार आड पहाटे भेडाघाटच्या दिशेने गाडी एका लयीत नेऊन आणतात. त्यानंतर दिवा लागलेला नाही. त्या सगळ्या प्रकरणात गाडी मिळून सात दिवस उभी राहिली, ऑइल दोनदा बदलावे लागले आणि बांगड्या दिवाळीऐवजी संक्रांतीला सुटल्या.

वाटाण्याच्या हंगामात सात दिवस म्हणजे तर अर्धे वर्ष. जबलपूर जिल्ह्याचा हिरवा वाटाणा सर्वदूर जातो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जिल्ह्यासाठी त्याचीच निवड झाली आहे. शहपुरा, पाटण, सिहोरा, पनागर या भागांतून थंडीच्या दिवसांत रात्री-अपरात्री वाटाण्याची पोती भरलेल्या पिकअप बाजार समितीकडे निघतात. शेंग ताजी असेल तोवर भाव. पाटणकडील एका तरुण शेतकऱ्याची नवी गाडी ऐन हंगामात, भरल्या मालासह, रस्त्यात आचके देऊन थांबली. कारण क्षुल्लक होते. डिझेलमध्ये पाणी आले होते. गावात डबक्यांतून डिझेल साठवण्याची पद्धत. थंडीत डब्याच्या आतल्या अंगाला बाष्प धरते आणि तेच पाणी टाकीत जाते. गाडीने त्याची सूचना देणारा दिवा दोन दिवस आधीच लावला होता. डिझेल फिल्टरच्या तळाशी असलेला स्क्रू सैल करून पाणी सोडून दिले असते तर पाच मिनिटांचे काम होते. तसे न झाल्यामुळे फिल्टर बदलावा लागला. इंजेक्टरपर्यंत पाणी गेले असते तर खर्च हजारांत मोजावा लागला असता, असे वर्कशॉपने सांगितले. वॉरंटी या खर्चाला लागू नव्हती आणि ते योग्यच आहे, असे म्हणावे लागेल. हा तरुण आता रस्त्यावरच्या पंपाखेरीज कोठेही डिझेल भरत नाही. गाडीचे माहितीपुस्तक मात्र अजूनही प्लास्टिकच्या पिशवीत, जसे आले तसे, आहे.

पोती जास्त बसावीत म्हणून हौद्याच्या बाजू लोहाराकडून उंच करून घेण्याची चालही याच भागात दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रथम तेथेच बोट ठेवतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका रात्रीच्या वाटाण्यातून इतके सुटत नाहीत.

वजनाच्या बाबतीत सराफ्यातील एक अनुभव फार शिकवणारा आहे. येथील सुवर्णकारांच्या दुकानांत तिजोऱ्या, काचेची कपाटे पोहोचवणारे एक जुने खातेदार आहेत. त्यांनी सव्वा टन क्षमतेची नवी पिकअप घेतली. पहिल्याच महिन्यात हौद्याचा पत्रा मधोमध खोलगट झाला, मागचा फाळका नीट लागेना आणि खडखडाट सुरू झाला. वजन क्षमतेच्या आत होते. मग पत्रा का दबावा? तिजोरी सात-आठशे किलोंची असली तरी ती उभी राहते चार लहान पायांवर. पोत्यांचे वजन हौद्यावर पसरते, तिजोरीचे चार ठिकाणी टोचते. शिवाय उतरवण्यास सोपी जावी म्हणून हमाल ती फाळक्यालगत ठेवीत. मागील चाकांच्या आसाच्याही मागे इतके वजन आले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. घमापूरच्या चढावर त्यांना याची प्रचीती आली आणि तेव्हापासून त्यांनी फार विचारपूर्वक माल लावण्यास सुरुवात केली. आता हौद्यात सागाच्या जाड फळ्या आडव्या टाकलेल्या असतात, तिजोरी केबिनच्या बाजूला सरकवून, दोरखंडाने दोन्हीकडून बांधलेली असते. सराफ्यात गाडी आणायची ती सकाळी दुकाने उघडण्याआधी. फळ्या घासू नयेत म्हणून त्यांवर जुन्या गोणपाटाचे थर आहेत. या सगळ्याला मिळून जो खर्च आला तो एका फाळक्याच्या दुरुस्तीपेक्षा कमी आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. अ‍ॅव्हरेजविषयी असमाधान सार्वत्रिक आहे. कंपनीचा आकडा ठरावीक परीक्षण-परिस्थितीतला असतो. बाजारात तो मिळणार नाही, हे गृहीत धरावे आणि प्रकल्प अहवालात तो आकडा जसाच्या तसा लिहू नये. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवणे हीच खरी मोजणी. ‘मोफत सर्व्हिसिंग’ या शब्दाने अनेकांचा हिरमोड होतो. मोफत असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात. वॉरंटी महिने आणि किलोमीटर यांतील जे आधी पूर्ण होईल तेथे संपते. रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे किलोमीटर आधी संपतात, हेही ध्यानात घ्यावे. कागदपत्रांबाबत दोन गोष्टी विचारल्या जातात. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कलम ६६ प्रमाणे परवाना लागत नाही, त्यावरील गाडीला लागतो. आणि हलक्या मोटार वाहनाचा चालक परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले आहे. विम्याचा दावा या मुद्द्यावर अडला असेल तर हा निर्णय लक्षात असू द्यावा.

बॅटरीची कथा मात्र थोडी विस्ताराने सांगावी लागेल. गढा भागात मंडप-बिछायतीचा व्यवसाय करणाऱ्या एक भगिनी आमच्या कर्जदार आहेत. पतीच्या निधनानंतर व्यवसाय त्यांनी सांभाळला. गाडी त्यांच्या नावावर, चालवतो मुलगा. नवी गाडी पाचव्या महिन्यापासून सकाळी सुरू होईना. वर्कशॉपने पाहिले तर मुलाने बाहेरच्या कारागिराकडून रंगीत दिवे, मोठा हॉर्न आणि गाण्याचा संच बसवून घेतला होता. मूळ वायर सोलून जोड दिलेला. वॉरंटी नाकारली गेली. येथवर चूक घरचीच. मुलाने सर्व जोड काढून टाकले, वायर रीतसर बदलून घेतली, त्याचे पैसेही भरले. तरीही बॅटरी उतरतच राहिली. आता वर्कशॉपचे उत्तर एकच, तुम्ही बाहेर काम करून घेतले होते.

या भगिनींना एक सवय होती. लग्नसराईत कोणाकडे किती गाद्या, किती समया, किती खुर्च्या गेल्या हे लिहून ठेवण्याची वही त्या वर्षानुवर्षे ठेवीत. तशीच एक वही त्यांनी गाडीसाठी घातली होती. तारीख, किलोमीटर, काय झाले, वर्कशॉपमध्ये कोण भेटले, काय म्हणाले, गाडी केव्हा परत मिळाली. प्रत्येक जॉबकार्डची प्रत त्याच पानाला टाचलेली. बाहेरचे जोड काढल्यानंतरही बॅटरी किती वेळा आणि कोणत्या तारखांना उतरली, हे त्या वहीतून स्वच्छ दिसत होते. तोंडी भांडणाऱ्याला सहसा आश्वासन मिळते. त्यांनी वहीच्या पानांच्या प्रती जोडून लेखी अर्ज दिला. कंपनीच्या विभागीय प्रतिनिधीने येऊन तपासणी केली आणि दोष अल्टरनेटरमध्ये निघाला. तो वॉरंटीखाली बदलून मिळाला.

तसे झाले नसते तर? व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘व्यापारी हेतू’ने घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत हे खरे. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे स्पष्टीकरणही त्याच कलमात आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहकच, असे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मधील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात दिले होते. चार गाड्या आणि पगारी चालक असलेल्या वाहतूकदाराला हा आधार मिळणे अवघड. एका गाडीच्या मालकाला तो आहे. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी.

आता बँकेच्या बाजूने. गाडी उभी आहे म्हणून हप्ता थांबत नाही, हे आपण पाहिले. हप्ता देय तारखेला आला नाही की ३० दिवसांपर्यंत खाते विशेष उल्लेखाच्या पहिल्या पायरीवर जाते, ६० दिवसांपर्यंत दुसऱ्या, ९० दिवसांपर्यंत तिसऱ्या आणि ९० दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरते. या पायऱ्या संगणक चढतो; तेथे शाखाधिकाऱ्याची भीड चालत नाही. पण पहिल्या पायरीच्या आधी, गाडी वर्कशॉपमध्ये गेली त्याच आठवड्यात, जो कर्जदार जॉबकार्ड घेऊन शाखेत येतो त्याच्याशी बोलण्यासारखे पुष्कळ असते. हप्त्याची तारीख भाडे हाती येण्याच्या दिवसांशी जुळते का? हंगामी धंद्यात एका महिन्याचे जास्त भरून पुढच्या महिन्याची सोय होते का? तारणातील सोन्याचे व्याज आधी भरावे की गाडीचा हप्ता? अडचणीच्या काळात दूरध्वनी न उचलणारे कर्जदार वाईट हेतूचे असतात असे नाही. बहुतेकांना लाज वाटते. नादुरुस्त गाडीची लाज वाटण्याचे कारण नाही. या लेखात आलेल्या चारही खातेदारांपैकी कोणाचेही खाते दुसऱ्या पायरीपर्यंत गेले नाही. गोहलपूरच्या खातेदारांना शेवटच्या पायरीची भीती वाटू लागली होती, तेव्हा ते स्वतःहून आले आणि बांगड्यांची मुदत वाढवून घेऊन गाडीचा हप्ता त्यांनी चालू ठेवला.

नवी गाडी घेणाऱ्यांना अलीकडे मी दोन गोष्टी सुचवते. दोन हप्ते निघतील इतकी रक्कम आवर्ती ठेवीत वेगळी ठेवणे ही एक. एक दोनशे पानी वही ही दुसरी. पहिली सर्वांना परवडत नाही. वहीविषयी मात्र फिटर काकांनी एक सुधारणा सुचवली आहे: रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ऑइल, पाणी, टायरची हवा आणि खाली जमिनीवर गळतीचा डाग, या चार नोंदी आधी कराव्यात आणि मगच चावी लावावी. मंडपवाल्या भगिनींच्या मुलाने तसे रकाने आखून घेतले आहेत. मागच्या महिन्यात मला ती वही पाहण्यास मिळाली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, की डाव्या आरशाचा स्क्रू सैल, सर्व्हिसिंगला सांगणे.